वापरलेल्या ट्रॅक्टरचे मूल्यमापन, सोलापूर परिसरातील

वापराने झिजलेल्या ट्रॅक्टरची, विशेषतः फळबागेत चालणाऱ्या लहान ट्रॅक्टरची, विक्रीच्या वेळी रास्त किंमत ठरविण्याची रीत. नव्या यंत्राची किंमत कारखानदार ठरवितो. जुन्याची किंमत घेणारा आणि देणारा यांच्या पारखीवर ठरते व तीत दोहोंपैकी एकाजवळच यंत्राची खरी माहिती असते. सोलापूर जिल्ह्यात ही पारख ट्रॅक्टरबरोबर आलेली नाही. तेथील बैलबाजारांत ओढकामाच्या जनावराचे वय, बळ व खोड ओळखून किंमत करण्याचे शास्त्र पूर्वीपासून रूढ होते. ट्रॅक्टर आल्यावर त्यातील बरेचसे नियम, शब्द व मध्यस्थदेखील नव्या व्यवहारात उतरले. म्हणून या विषयाचा इतिहास बैलापासून सुरू करणे सोयीचे ठरते.

सोलापूर हा अवर्षणप्रवण, प्रामुख्याने रब्बी ज्वारीचा जिल्हा आहे. भीमा, सीना व माण या नद्यांच्या खोऱ्यांत खोल काळी जमीन असून इतरत्र मध्यम व हलकी जमीन आढळते. खोल काळ्या जमिनीत हरळी व कुंदा यांसारखी चिवट मुळांची तणे माजत. ती काढण्यासाठी काही वर्षांनी एकदा जड लाकडी नांगर चालवावा लागे व त्याला तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल एका कुणब्याजवळ क्वचितच असत. त्यामुळे सावड किंवा इर्जिक करून, म्हणजे परस्परांची जनावरे व माणसे एकत्र आणून, नांगरट होई. दरवर्षीची कुळवणी व पेरणी मात्र ज्याच्या त्याच्या जोडीवर असे. भाद्रपद-आश्विनात पावसाची उघडीप मिळाली, की थोड्या दिवसांत पेर उरकावी लागे. त्या दिवसांत जोडी नसलेल्या शेतकऱ्याची जमीन पडीक राहण्याचा धोका असे. जमिनीखालोखाल बैलजोडी हेच त्याचे मोठे भांडवल होते. दख्खनच्या दंग्यांनंतर झालेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला, तो शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणामुळेच. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनेही ऋणको शेतकऱ्याची अवजारे व न्यायालयाच्या मते त्याच्या निर्वाहास आवश्यक असलेली जनावरे जप्तीतून वगळली. यावरून बैलाची किंमत चुकणे म्हणजे काय, याची कल्पना येते.

बैलबाजारातील पारख : सोलापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांत तसेच लगतच्या विजापूर भागात खिलार ही जात प्रसिद्ध आहे. आटपाडी महाल हे या जातीचे एक मूलस्थान मानले जाते. खिलार बैल चपळ, काटक व पांढरा किंवा करड्या झाकेचा असून त्याची शिंगे लांब, मागे वळून वर गेलेली असतात. सोलापूर शहरात मकरसंक्रांतीस भरणारी सिद्धेश्वराची यात्रा (गड्डा), पंढरपूरची कार्तिकी यात्रा आणि सांगोल्याचा आठवडे-बाजार ही या जनावरांच्या खरेदी-विक्रीची प्रमुख ठिकाणे होत.

बैलाचे वय दातांवरून ठरवितात. दुधाचे दात असलेला तो ‘आदत’. पुढचे दोन कायमचे दात आले, की तो दोनदाती. पुढे चारदाती, सहादाती आणि आठही दात पूर्ण झाल्यावर ‘जुळलेला’. सु. दोन-अडीच वर्षांपासून साडेचार-पाच वर्षांपर्यंत हा क्रम पुरा होतो. त्यापुढे वय सांगणारे निश्चित चिन्ह उरत नाही. दातांची झीज व हिरडी यांवरून अंदाज करावा लागतो. त्यामुळे जुळलेल्या बैलाच्या बाबतीत विकणाऱ्याच्या तोंडच्या वयाला फारसा अर्थ नसतो. वशिंड, छाती, खूर, शेपूट व कातडी पाहून झाल्यावर बैल चालवून पाहतात, जोखडाखाली मान कशी देतो हे पाहतात आणि शक्य असल्यास कामाला जुंपतात. मारका, लाथ मारणारा किंवा ओझे लागताच बसणारा बैल दिसायला कितीही देखणा असला, तरी त्याची किंमत उतरते. अंगावरच्या भोवऱ्यांचे शुभाशुभही किंमतीत धरले जाई. त्याला कामाच्या दृष्टीने आधार नाही. परंतु पुढचा घेणारा ते पाहणार म्हणून आजचा घेणाराही ते पाहतो, एवढा त्याचा परिणाम असे.

एक गोष्ट येथे विशेष नोंदविण्यासारखी आहे. उंची, रंग, चाल व बळ जुळणाऱ्या दोन बैलांची किंमत सुट्या दोन बैलांच्या बेरजेपेक्षा जास्त येते. उलट जोडीतील एक मेल्यास उरलेल्याची किंमत निम्म्याहूनही खाली जाते. कारण त्याला जोड शोधण्याचा खर्च व धोका नव्या धन्यावर पडतो. ट्रॅक्टर आणि त्याच्या अवजारांच्या बाबतीत हाच न्याय पुढे लागू झाला.

भाव मध्यस्थामार्फत ठरे. गुरांचा व्यापार करणाऱ्याला हेडी म्हणतात. दोघांच्या हातांवर रुमाल किंवा उपरणे टाकून त्याखाली बोटे दाबून आकडा सांगण्याची पद्धत (हत्ता) जनावरांच्या व धान्याच्या बाजारांत सर्रास होती. ती धूर्तांची युक्ती होती, एवढेच म्हणून भागत नाही. अडचणीत आलेल्या शेतकऱ्याने बैल किती स्वस्तात विकला, हे चार माणसांत उघड होऊ नये ही सोयही तीत होती. तथापि शेजारच्या सौद्याचा भाव कळत नसल्याने नवखा माणूस नेहमीच हेड्याच्या हवाली राही. १९३९ चा मुंबई कृषी उत्पन्न बाजार अधिनियम व त्यानंतरचा १९६३ चा महाराष्ट्राचा अधिनियम यांनी बाजार समित्यांच्या नियंत्रणाखाली उघड भावाची पद्धत आणली. जनावराच्या विक्रीचा दाखला देण्याची पद्धतही रुळली. सोलापूर भागात जुन्या ट्रॅक्टरच्या व्यवहाराला असा उघड बाजारभाव फार उशिरा लाभला. तो बराच काळ गावातील मिस्त्री, विक्रेत्याचा माणूस आणि क्वचित जुना हेडी यांच्यामार्फतच होत राहिला.

दुष्काळातील किंमत : १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांची झळ सोलापूरला तीव्रतेने लागली. अशा वर्षी चाऱ्याचा भाव चढतो व बैलाचा उतरतो. दोन्ही एकाच वेळी घडत असल्याने शेतकऱ्याची दुहेरी कोंडी होते. विकावे तर किंमत येत नाही, ठेवावे तर पोसवत नाही. पाऊस पडताच सर्वांनाच जोडी हवी असते आणि भाव झपाट्याने वर जातो. म्हणजे विकणारा तळाच्या भावाला विकतो व तोच माणूस पुढे शिखराच्या भावाला विकत घेतो. १९७२–७३ च्या दुष्काळातही हेच झाले. तेव्हा आणि पुढे २०१२–१३ मध्ये जिल्ह्यात गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. छावणीचा एक हेतू जनावर जगविणे हा होता. दुसरा, कमी बोलला गेलेला, शेतकऱ्याला पडत्या भावात विकण्यापासून वाचविणे हा होता. ट्रॅक्टर चारा खात नाही, त्यामुळे दुष्काळात तो उभा ठेवता येतो, हा त्याचा मोठा लाभ सांगितला जातो. तो खरा आहे. मात्र कर्जाचा हप्ता उभ्या ट्रॅक्टरवरही चढतच राहतो.

यंत्रांचे आगमन : ठरीव, छापील किंमत असलेले पहिले ओढकामाचे साधन म्हणजे लोखंडी नांगर होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी येथे कारखाना उभारला आणि त्यांचे नांगर दख्खनमध्ये सर्वत्र पसरले. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही नांगर तयार होत. फाळ बदलता येणारे हे अवजार जुने झाले तरी त्याची किंमत करणे सोपे होते. कारण झिजणारा भाग वेगळा होता व त्याचा भाव छापलेला होता. झीज वेगळी मोजता येणे, हे यंत्राच्या मूल्यमापनाचे मूलतत्त्व प्रथम नांगराने शिकविले असे म्हणावयास हरकत नाही. विहिरींवर तेल एंजिने आल्यावर दुसरा धडा मिळाला : एंजिनाचे बाह्य रूप व त्याच्या सिलिंडराची अवस्था यांचा संबंध असतोच असे नाही. रंग दिलेले जुने एंजिन नव्यासारखे दिसते. महाराष्ट्रातील यंत्रमागांच्या गावांना ही गोष्ट अगोदरच ठाऊक होती. गिरण्यांनी काढून टाकलेले माग घेऊनच अनेकांनी तो धंदा सुरू केला होता.

माळीनगर, श्रीपूर यांसारख्या ठिकाणी १९३० नंतर साखर कारखाने निघाले व त्यांच्या उसाच्या विस्तृत क्षेत्रांमुळे यांत्रिक नांगरटीला वाव मिळाला. सर्वसामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात ट्रॅक्टर आला तो मात्र स्वातंत्र्यानंतर. भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन १९५९ मध्ये फरीदाबाद येथे आयशर कंपनीने सुरू केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत मॅसी-फर्ग्युसन (टॅफे), एस्कॉर्ट्स, इंटरनॅशनल (महिंद्र) इत्यादींचे कारखाने निघाले. १९७१ मध्ये पिंजौरला एच्.एम्.टी., १९७४ मध्ये दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या आराखड्यावरून पंजाब ट्रॅक्टर्सचा ‘स्वराज’ आणि त्याच सुमारास नासिकला किर्लोस्कर ट्रॅक्टर्स असा हा क्रम आहे. रशियाकडून आयात झालेले डीटी-१४ यांसारखे लहान ट्रॅक्टरही देशात होते.

मागणी मोठी व उत्पादन थोडे असल्याने नोंदणी करून प्रतीक्षा करावी लागे. शासनाने १९६७ मध्ये ट्रॅक्टरच्या विक्री-किंमतीवर नियंत्रण घातले व ते १९७४ मध्ये उठविले. नियंत्रणाचा जुन्या ट्रॅक्टरवर झालेला परिणाम शिकण्याजोगा आहे. नवा ट्रॅक्टर ठरीव किंमतीत. पण मिळणार केव्हा, हे अनिश्चित. जुना ट्रॅक्टर आजच्या आज मिळे, म्हणून त्याला ठरीव किंमतीहूनही वरकड रक्कम देणारे लोक निघाले. अशा काळात घसाऱ्याचा हिशेब निरुपयोगी ठरतो. पेरणीचे पंधरा दिवस हातचे जाऊ न देण्याची ती किंमत असते. १८७६ नंतर पावसाळ्याच्या तोंडी बैलाला आलेला भाव आणि १९७० च्या सुमारास जुन्या ट्रॅक्टरला आलेला भाव या दोहोंचे कारण एकच होते.

फळबागेतील लहान ट्रॅक्टर : भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर जिल्ह्यात उसाचे क्षेत्र वाढले. पाण्याची ओढ असलेल्या भागांत, विशेषतः सांगोला व पंढरपूर परिसरात, डाळिंब व द्राक्ष यांच्या बागा पसरल्या. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज हे गाव द्राक्ष बागायतदार नानासाहेब काळे यांच्या ‘सोनाका’ या वाणामुळे देशभर परिचित झाले. या नावात सोलापूर, नान्नज व काळे या तिन्हींची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. २००५ मध्ये सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. द्राक्षाच्या दोन ओळींतील अंतर साधारणतः २·५ ते ३ मी. असते आणि वेलींच्या मांडवामुळे उंचीलाही मर्यादा पडते. अशा जागेत ३५–४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वळविणे कठीण जाते. प्रथम बैल, मग दोन चाकी पॉवर टिलर आणि त्यानंतर सु. १५ ते २२ अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टर असा बागेतील क्रम दिसतो. बंगलोरच्या व्ही.एस्.टी. कंपनीचा मित्सुबिशी जातीचा १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर या वर्गात दीर्घकाळ अग्रेसर राहिला. २०१० नंतर महिंद्र व स्वराज यांचे १५ अश्वशक्तीचे एक सिलिंडरी नमुने आले.

अमेरिकेत ‘गार्डन ट्रॅक्टर’ म्हणून ओळखले जाणारे यंत्र याहून वेगळे आहे. घराभोवतीची हिरवळ कापणे, परसातील भाजीपाल्याची मशागत व हिवाळ्यात बर्फ लोटणे ही त्याची कामे. तेथे १९६०–७० मधील व्हील हॉर्स, कब कॅडेट, जॉन डिअर ११० (१९६३) यांसारख्या नमुन्यांना संग्राहकांची मागणी असते. मूळ रंग, मूळ भाग व दुर्मिळता यांवरून त्यांची किंमत ठरते. ते किती काम करतील हा प्रश्न गौण असतो. सोलापूरच्या बागाइतदाराला वीस वर्षांपूर्वीचा लहान ट्रॅक्टर हवा असतो तो येत्या छाटणीनंतर फवारणी करण्यासाठी. म्हणून मूळ रंग टिकविलेला ट्रॅक्टर आणि सुटा भाग बदलून चालता ठेवलेला ट्रॅक्टर यांत तो दुसऱ्याला अधिक किंमत देतो.

प्रत्यक्ष परीक्षा : नव्या ट्रॅक्टरची तुलना करण्यासाठी अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने १९१९ च्या कायद्यान्वये चाचणी सक्तीची केली, भारतात १९५५ मध्ये मध्य प्रदेशातील बुदनी येथे अशी संस्था स्थापन झाली. जुन्या ट्रॅक्टरसाठी तसा अहवाल नसतो. त्याची परीक्षा घेणाऱ्यालाच करावी लागते व ती सकाळी, एंजिन थंड असताना करावी असा अनुभवी मिस्त्र्यांचा आग्रह असतो. मालकाने पाहुणा येण्यापूर्वीच एंजिन तापवून ठेवले असेल, तर झिजलेले एंजिनही चटकन सुरू होते. झाकणावर हात ठेवून ते कोमट लागते का हे पाहणे, ही म्हणूनच पहिली कसोटी मानतात.

सुरू झाल्यावर धूर पाहतात. ओझे पडताच क्षणभर निघणारा काळा धूर विशेष चिंतेचा नसतो. तो सतत राहिल्यास इंधन-पंप, अंतःक्षेपक किंवा हवा-गाळणी यांत दोष असतो. निळसर धूर म्हणजे वंगण तेल जळत आहे, अर्थात दट्ट्याची कडी व सिलिंडर झिजले आहेत. एंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल व तेलाच्या पट्टीवर दुधी फेस दिसत असेल, तर पाणी तेलात उतरत आहे असे समजावे. तेल भरण्याचे टोपण काढल्यावर तेथून धापा टाकल्यासारखी हवा येत असेल, तर विक्रेत्याने सांगितलेले चालू तास कितीही थोडे असोत, एंजिन उघडण्याची वेळ आलेली असते. तासमापक बदलता येतो किंवा बंद ठेवता येतो. क्लचच्या पायटीची झीज, सुकाणू-चाकाची गुळगुळीत कड व आसनाखालचा पत्रा यांवरून वापराचा अधिक विश्वसनीय अंदाज येतो. दातांवरून वय ओळखण्यासारखाच हा प्रकार आहे.

उच्चालक (हायड्रॉलिक) तपासण्यासाठी अवजार उचलून एंजिन बंद करतात. ते हळूहळू खाली बसू लागल्यास आतील कड्या किंवा झडप गळते. पुढची चाके जमिनीवरून उचलून हलविली असता खटखट जाणवल्यास खिळा व बुश, तसेच धारवे (बेअरिंग) बदलावे लागतात. दंतचक्रांचा आवाज प्रत्येक गतीत वेगवेगळा ऐकावा. एखादी गती ओझ्याखाली निसटत असेल, तर दुरुस्तीसाठी ट्रॅक्टर मधोमध तोडावा लागतो, म्हणजे एंजिन व मागचा भाग वेगळे करावे लागतात आणि त्या मजुरीतच मोठा खर्च होतो. लहान ट्रॅक्टरला पुढच्या चाकांनाही शक्ती देण्याची सोय असल्यास ती प्रत्यक्ष गुंतवून पाहावी. ती बिघडलेली असूनही यंत्र मागच्या चाकांवर चालत राहते व दोष झाकला जातो.

द्राक्षबागेतून आलेल्या ट्रॅक्टरची लक्षणे निराळी असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांची रीघ लागते. या कामात ट्रॅक्टर सावकाश चालतो, पण शक्ति-निर्गम दंड (पीटीओ) ठरावीक वेगाने फिरता ठेवण्यासाठी एंजिन तासन्‌तास उच्च गतीत असते. त्यामुळे टायर चांगले व एंजिन थकलेले असा मेळ आढळतो. मोरचूद, गंधक इत्यादींच्या द्रावांमुळे चिखलरोधकाचा पत्रा, विजेच्या तारा व पुढची जाळी गंजते. केवळ टायरांवरून किंमत करणारा येथे फसतो. डाळिंबाच्या हलक्या, मुरमाड जमिनीतील ट्रॅक्टरला धुळीचा त्रास जास्त. तेथे हवा-गाळणीतील तेल वेळेवर बदलले होते की नाही, यावर एंजिनाचे आयुष्य ठरते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचे क्लच, गतिरोधक व मागचा आस यांवर ताण पडलेला असतो. तेव्हा ट्रॅक्टर कोणत्या गावात आणि कोणत्या पिकात होता, हा प्रश्न त्याच्या वयाआधी विचारावा लागतो.

कागदपत्रे : १९३० च्या वस्तुविक्रय अधिनियमानुसार, काही अपवाद वगळता, विकलेल्या वस्तूच्या गुणवत्तेची हमी गृहीत धरली जात नाही, पाहून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. मालकीच्या बाबतीत मात्र कायदा अधिक कडक आहे. ज्याच्याकडे मालकी नाही, तो सामान्यतः ती दुसऱ्याला देऊ शकत नाही. नोंदणी-पुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास तो उतरविल्याचे पत्र हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम न देता इसारच द्यावा, ही रीत यातूनच आली. एंजिन व सांगाडा यांवरील क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहणे आवश्यक असते. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. ते राहून गेले असल्यास त्याचा खर्च किंमतीतून वजा होतो. सोलापूर (एमएच-१३) व अकलूज (एमएच-४५) अशी दोन परिवहन कार्यालये जिल्ह्यात आहेत. बागेत बांधाच्या आतच राहणाऱ्या लहान ट्रॅक्टरची कागदपत्रे अनेकदा अपुरी असतात. असे यंत्र स्वस्त पडते. परंतु पुढे ते विकतानाही तितकेच स्वस्त द्यावे लागते.

हिशेब : अभियंते ट्रॅक्टरचे आयुष्य सर्वसाधारणपणे १० वर्षे किंवा १०,००० तास व शेवटी उरणारे मूल्य मूळ किंमतीच्या १० टक्के धरतात. उदाहरणार्थ, ३ लाख रुपयांस घेतलेल्या ट्रॅक्टरचा वार्षिक घसारा २७,००० रु. होतो व ८ वर्षांनंतर ८४,००० रु. मूल्य उरते. बँकेच्या दप्तरी हाच आकडा असतो. बाजारात तो टिकत नाही. तसाच नवा ट्रॅक्टर आज ४ लाखांस मिळत असेल, तर त्याच हिशेबाने १,१२,००० रु. येतात. वर्षाऐवजी तास मोजले आणि तो वर्षाला ४०० तासच चालला असेल, तर ३,२०० तास खर्ची पडून २,८४,८०० रु. उरतात. एकाच यंत्राचे हे तीन आकडे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. घेणारा पहिला सांगतो, देणारा तिसरा. लहान, जलद फिरणाऱ्या एंजिनाला १०,००० तास ही मर्यादा उदारच म्हणावी लागेल. तसेच उभ्या यंत्राचे रबर, नळ्या व विद्युत् घट वयानेच निकामी होतात. त्यामुळे तासांचा आकडा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. व्यवहारात आजच्या नव्या किंमतीवरून आलेल्या आकड्यापासून आरंभ करून चांगल्या देखभालीबद्दल त्यात भर घालतात आणि लगेच कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीचा पूर्ण खर्च वजा करतात. मागचे दोन टायर आणि एंजिनाचे काम या दोनच बाबी सौद्याचे पारडे फिरवू शकतात. तळाची मर्यादा भंगाराची : सु. ८०० किग्रॅ. वजनाच्या ट्रॅक्टरला किलोस ३० रु. धरल्यास २४,००० रु.

अवजारांसह किंमत करताना बैलजोडीचा नियम आठवतो. त्याच ट्रॅक्टरला बसणारा अरुंद रोटाव्हेटर व फवारणीचा ब्लोअर सोबत असल्यास एकत्रित किंमत सुट्या किंमतींपेक्षा जास्त येते. ट्रॅक्टर विकून मागे राहिलेला ब्लोअर मात्र कोपऱ्यात पडून राहतो.

ऋतूचाही परिणाम होतो. छाटणीच्या तोंडी लहान ट्रॅक्टरला आणि गळीत हंगामापूर्वी ट्रॉलीसह मोठ्याला मागणी येते. उन्हाळ्यात, विशेषतः पाऊस हुकलेल्या वर्षानंतर, विकणारेच अधिक असतात. शासकीय धोरणाचे पडसाद लगेच उमटतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे नव्याची किंमत उतरली आणि जुन्याच्या वरच्या मर्यादेलाही कात्री लागली. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यास दीर्घ मुदतीचे बँक-कर्ज नव्याइतके सहज मिळत नाही. पैसा पिकातून, दागिन्यांतून किंवा सावकाराकडून उभा राहतो. नव्या ट्रॅक्टरवर पहिल्या काही काळात कारखान्याची हमी तरी असते; जुन्याचे एंजिन पहिल्याच हंगामात बसले, तर फवारणी चुकून द्राक्षावर केवडा पडतो व यंत्राच्या किंमतीहून मोठे नुकसान एका आठवड्यात होते.

निर्मिती थांबलेल्या नमुन्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे. एच्.एम्.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. किर्लोस्कर ट्रॅक्टर्सचे उत्पादन त्याआधीच थांबले होते. उलट आयशर (२००५ मध्ये टॅफेकडे) व स्वराज (२००७ मध्ये महिंद्रकडे) यांची मालकी बदलूनही नावे व सुटे भाग चालू राहिले. म्हणून सारख्याच वयाच्या व अवस्थेच्या दोन यंत्रांच्या किंमतीत फरक पडतो. सुटे भाग ज्याचे तालुक्याच्या गावी मिळतात ते महाग, ज्याचे लेथवर करून घ्यावे लागतात ते स्वस्त. अशा बंद पडलेल्या नमुन्यांपैकी एखादा कोणी हौसेने जपून ठेवतो. पण या भागात त्याला संग्राहकांचा बाजार निर्माण झालेला नाही.

बैलाच्या बाबतीत मात्र अलीकडे नेमके उलट घडले आहे. २०१५ मध्ये अंमलात आलेल्या महाराष्ट्र प्राणिरक्षण (सुधारणा) अधिनियमाने बैलाच्या कत्तलीस बंदी केली. त्यामुळे काम संपलेल्या बैलाला बाजारात मिळणारी शेवटची किंमत जवळजवळ नाहीशी झाली. ट्रॅक्टरला भंगाराचा तळ आहे, म्हाताऱ्या बैलाला तसा तळ उरला नाही. जोडी घेतानाच तिच्या अखेरच्या वर्षांचा चारा हिशेबात धरावा लागतो. २०२२ मध्ये लंपी रोगामुळे जनावरांचे बाजार काही काळ बंद राहिले, तेव्हा उरलेला व्यवहारही ठप्प झाला. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थांबविलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये त्या कायदेशीर ठरल्या. त्यानंतर शर्यतीच्या खिलार खोंडाला नव्या ट्रॅक्टरच्या बरोबरीची किंमत येऊ लागली. सांगोल्याच्या बाजारात त्याचे दात, खूर व वशिंड पूर्वीप्रमाणेच तपासले जातात. नांगराला जुंपून मात्र तो कोणी पाहत नाही.